चार बोटं झोका

आमच्या बागेत झोक्यांशेजारी एक पाटी आहे. बारा वर्षांवरच्या कोणीही झोक्यावर बसू नये, असं तिच्यावर आधी तमिळमध्ये आणि मग इंग्रजीत लिहिलंय. चाळीसहून जास्त वर्षं चेन्नईत काढल्यामुळे मला दोन्ही वाचता येतात. तमिळ अक्षरं तर मी बसच्या पाट्यांवरूनच शिकले. पण या एका पाटीपुढे मी कायम निरक्षर राहत आले. माझं वय एकाहत्तर आहे.

बाग म्हणजे महापालिकेचं छोटंसं उद्यान, अड्यारमधल्या आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. सकाळी पाच ते दहा उघडी, मग चारपर्यंत कुलूप. आत करंजाची झाडं, एक वाकडा बदाम आणि आठच्या आकड्यासारखी वळलेली खड्यांची वाट. त्या वाटेवर लोक अनवाणी फिरतात, तळपायाला खडे टोचले की तोंडं वाकडी करतात आणि तब्येतीला फार चांगलं म्हणून एकमेकांना सांगतात. फाटकाशी एक जण दुर्वांचा हिरवागार रस विकतो. आम्ही गणपतीला दुर्वा वाहतो त्या एकवीस, मोजून. इथे माणसं पेलाभर पितात आणि ओठ पुसून घरी जातात. व्यायामाची पिवळी-निळी यंत्रं आहेत, त्यांवर बसून म्हातारे तासन् तास पेपर वाचतात. त्यांच्यावर कोणी शिट्टी मारत नाही.

शिट्टी मारणारा म्हणजे आमचा राखणदार. साठीचा असेल. निळा शर्ट, खांद्यावर पंचा, गळ्यात काळ्या दोरीत शिट्टी. तो गेल्या दिवाळीनंतर आला. त्याच्या आधीचा राखणदार फार गुणी होता, तो झोपायचा. हा मात्र करंजाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत टक्क जागा. पहिल्याच आठवड्यात मी खारीला बिस्किटाचा तुकडा टाकला, शिट्टी. खाली पडलेली पारिजातकाची फुलं वेचली, शिट्टी. पडलेली फुलं, हो. झाडाला बोटही लावलं नव्हतं.

मग मीही त्याला तंबी म्हणायला लागले. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. वयाने मोठ्या बाईने म्हटलं तर त्यात वावगं काही नाही, पण साठीच्या माणसाला चार लोकांसमोर, शिट्टी तोंडात असताना तंबी म्हटलेलं खपत नाही. ते मला ठाऊक होतं, म्हणूनच म्हणायचे.

माझा खरा राग बसला तो पोंगलच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी बागेत गेले तर भिंतीलगत सात-आठ बायका हळदीची पानं मांडून त्यांवर लाल, पिवळ्या, पांढऱ्या भाताचे सुपारीएवढे गोळे ठेवत होत्या. कावळ्यांसाठी. माझ्या एका बिस्किटाच्या तुकड्यावर शिट्टी आणि इथे कावळ्यांची अख्खी पंगत बसलेली. आणि हा काय करत होता, तर काठी घेऊन कुत्र्यांना हाकलत होता, कावळ्यांना निवांत जेवता यावं म्हणून. मी बाकावर जाऊन मामींसमोर भडाभडा बोलले.

मामी म्हणजे माझी बागेतली मैत्रीण. निवृत्त शिक्षिका आहेत. सगळी बाग त्यांना मामी म्हणते म्हणून मीही म्हणते. घराणं तंजावरकडचं, मराठीच, पण इतक्या पिढ्या इकडे गेल्या की त्यांची मराठी मला पोथीतून आल्यासारखी वाटते आणि माझी त्यांना भांडायला आल्यासारखी. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "तें कनु हो. बायकांचें असतें. आपण कशाला बोलावें?" मी नाक मुरडलं आणि पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता झोक्याचं सांगते.

माझं माहेर कराडजवळचं. आमच्याकडे नागपंचमीला बायका झोका घेतात. त्या दिवशी विळी-सुरी धरायची नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन खणायची नाही, आणि झोका घ्यायचा. आईने मला सांगितलेलं असं की झोका वर जाईल तसा भाऊ वर जातो आणि झोका खाली येईल तसं त्याचं दुःख खाली उतरतं. मला एकच भाऊ, सहा वर्षांनी मोठा. लहानपणी माझा झोका तोच द्यायचा, तेही जीव खाऊन, कारण फायदा त्याचाच होता. मी ओरडायचे आणि तो खालून विचारायचा, "किती उंच?" मला वरून फांदी सांगायला लागायची. पहिली फांदी, दुसरी फांदी. शेंडा म्हटलं की तो म्हणायचा, "खोटारडी."

लग्न होऊन मी इकडे आले. ह्यांची नोकरी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात. क्वार्टरच्या मागे कडुलिंब होता, त्याला दोर बांधून मी दर पंचमीला झोका घेत असे. शेजारपाजारच्या तमिळ बायका कुंपणावरून बघायच्या, पुढे पुढे त्याही रांगेत उभ्या राहायला लागल्या. संध्याकाळी दादाचा फोन यायचा. आधी कोपऱ्यावरच्या दुकानात, मग घरात, मग हातात. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "किती उंच?" मी फांदी सांगायची. तो बरं म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. भाऊबीज कधी चुकली असेल, राखी पोस्टात गहाळ झाली असेल, पण हा फोन एकदाही चुकला नाही. हे गेल्यावर मी अड्यारला मुलाकडे आले, तेव्हाही मी जुन्या राखणदाराच्या झोपेत बागेतल्या लोखंडी झोक्यावर पंचमी करत आले. फांद्या नव्हत्या, म्हणून त्याला वरच्या आडव्या नळीच्या हिशेबाने सांगायचे. अर्ध्या नळीपर्यंत. पाऊण नळीपर्यंत.

या वर्षी फेब्रुवारीत माझा उजवा गुडघा बदलला. नवा गुडघा चालतो छान, पण वाकायची वेळ आली की मानी माणसासारखा वागतो. त्यात एप्रिलमध्ये बागेत मला उन्हाने भोवळ आली. राखणदारानेच मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मुलाचा नंबर घेऊन फोन केला. तेवढं श्रेय मी त्याला देते. पण त्या दिवसापासून माझ्या मुलाचा नंबर त्याच्या फोनमध्ये बसला, हे काही बरं झालं नाही.

मुलाने घरी माझ्याकडून वचन घेतलं. बागेत फक्त चालायचं. खड्यांची वाट नाही, यंत्रं नाहीत. "आणि पंचमीला तो झोका तर अजिबात नाही, आई. पुन्हा एकदा जरी मला बागेतून फोन आला तर बाग बंद. खाली पार्किंगमध्ये फिरायचं." मी बरं म्हटलं. आमचं पार्किंग तळघरात आहे. तिथे गाड्या आहेत, ट्यूबलाइट आहे आणि एक मांजर आहे, तीही कंटाळलेली. बाग गेली तर मामी गेल्या, करंज गेला, भांडायला राखणदार गेला. मग माझ्याकडे उरतं काय, तर घरातल्यांनी ठरवलेलं जेवण आणि घरातल्यांनी ठरवलेलं फिरणं. सत्तरीनंतर माणसाबद्दल बाकीचेच ठरवायला लागतात आणि तेही इतक्या प्रेमाने की चिडायचीही सोय राहत नाही. मला त्याचा मनापासून राग येतो.

आणि मेमध्ये दादाला पक्षाघाताचा झटका आला.

उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, थोडं बोबडं. पाय जरा हलायला लागला. पण उजवा हात गादीवर पडलेला तो पडलेलाच. व्यायाम घ्यायला रोज एक बाई यायच्या आणि म्हणायच्या, आजोबा, नुसती बोटं उचला, मग बाकीचं बघू. दादा भिंतीकडे तोंड करायचा. माझी भाचेसून मला फोनवर सांगायची, "आत्या, ते प्रयत्नच करत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आता जेवढं होईल तेवढंच, नंतर होणार नाही." मी फोनवरून रागावले, गोड बोलले, रडलेसुद्धा. तो ऐकून घ्यायचा आणि फोन सुनेच्या हातात द्यायचा. पंचमीच्या आधी आठ दिवस मात्र त्याने फोन स्वतः डाव्या हाताने कानाला लावला आणि म्हणाला, "बये, पंचमीला झोका घे. मी सहाला विचारणार."

दोन महिन्यांत त्याने मागितलेली ही एकच गोष्ट. त्याला माझ्या गुडघ्याचं ठाऊक होतं, वचनाचं नव्हतं. झोक्याने भावाचं भलं होतं यावर माझा विश्वास आहे का, असं कोणी विचारलं तर मी नाही म्हणेन. पण याच वर्षी ते पडताळून बघायची माझी तयारी नव्हती. आणि त्याला खोटं सांगणं तर शक्यच नव्हतं. त्याला कळतं.

म्हणजे पंचमीला संध्याकाळी सहाच्या आत मला झोका घ्यायचा होता आणि माझ्या मुलाचा फोन वाजू द्यायचा नव्हता. मुलगा त्या दिवशी नेमका घरूनच काम करत होता.

पहिला उपाय मी सभ्य केला. पुरणाचे दिंड उकडले होते, त्यांतले दोन डब्यात घेतले, वर तूप घातलं आणि चार वाजता राखणदाराच्या खुर्चीसमोर जाऊन डबा उघडला.

"कोळुकट्टै?" त्याने विचारलं. इकडे मोदकाला कोळुकट्टै म्हणतात. मी म्हटलं, त्याच जातीचं, आकार वेगळा. त्याने एक खाल्ला, डोळे मिटून दुसरा खाल्ला, बोटांचं तूप पंच्याला पुसलं. मग मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हटलं, "तंबी, ऊंजल. एकदाच. पाच मिनिटं." ऊंजल म्हणजे झोका.

त्याने पाटीकडे बोट केलं. "कूडादु, अम्मा." नाही चालणार. आणि रिकामा डबा झाकण लावून परत दिला.

लाच खाऊन काम न करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्याला प्रामाणिक म्हणावं की अप्रामाणिक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरा उपाय सभ्य नव्हता. साडेपाच वाजता राखणदार समोरच्या टपरीवर चहाला जातो, दहा मिनिटांत परत येतो. दहाची वीस मिनिटं करायची, एवढंच काम होतं आणि ते मी मामींना दिलं. त्याला फाटकातच गाठायचं आणि बायकांच्या बाजूच्या गळक्या नळाची तक्रार सविस्तर करायची.

"मला खोटें बोलतां येत नाहीं हो," मामी म्हणाल्या.

"खोटं कुठे? नळ गळतोच आहे."

मामींनी जाऊन नळ बघितला, गळतो याची खात्री केली आणि मग फाटकाकडे निघाल्या. असे साथीदार घेऊन गुन्हा करू नये.

राखणदार चहाला गेला आणि मी झोक्याकडे वळले. चार झोके आहेत. तीन झोक्यांवर पोरं होती, चौथा रिकामा. साखळ्या धरून मी बसले. पाट इतका खाली होता की बसले म्हणजे जवळजवळ पडलेच. शेजारच्या झोक्यावरची सहा-सात वर्षांची मुलगी थांबली आणि पाटीकडे व माझ्याकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "पाट्टी, तुला बारा वर्षं पूर्ण झाली आहेत का?" पाट्टी म्हणजे आजी.

"झाली," मी म्हटलं, "पाचदा झाली. सहाव्यांदा होत आली आहेत."

तिने बोटांवर काहीतरी मोजायचा प्रयत्न केला आणि हे प्रकरण आपल्या आवाक्यातलं नाही असं ठरवून ती पुन्हा झुलायला लागली.

आणि मग मला कळलं की मी सगळं ठरवलं, फक्त झोका कसा घ्यायचा ते ठरवलं नाही. झोका घ्यायला पाय मागे नेऊन गुडघे मुडपावे लागतात, मग जमिनीला रेटा द्यावा लागतो. डावा गुडघा तयार होता. उजवा तोंड फिरवून बसला. मी एका पायाने रेटा दिला तर झोका पुढे जायच्याऐवजी आडवा गेला आणि मी खांबाला हलकेच लागून परत आले. पुन्हा दिला, पुन्हा खांब. मग ठरवलं, राहू दे, उठावं. उठता येईना. गुडघ्याच्या डॉक्टरांनी खालच्या आसनावर बसू नका असं का सांगितलं होतं, ते मला तिथे नीट समजलं.

तेवढ्यात कानाजवळ शिट्टी वाजली. दोन हातांवरून, पूर्ण दमाने. बारा मिनिटंही झाली नव्हती. त्याच्या मागे मामी धापा टाकत आल्या.

"तुम्ही कोठें आहां म्हणून त्यानें पुसलें," त्या म्हणाल्या. "मीं सांगितलें."

त्यांना खोटं बोलता येत नाही, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. चूक माझीच.

राखणदाराने खिशातून फोन काढला. मी तंबी, तंबी म्हणेपर्यंत त्याने नंबर लावला आणि सार, अम्मा, ऊंजल, एवढे तीन शब्द पलीकडे पोचवले. सार म्हणजे सर, माझा मुलगा. फोन खिशात ठेवून तो माझ्यापुढे हात मागे बांधून उभा राहिला, चोर पळून जाऊ नये म्हणून. चोराला साधं उठता येत नव्हतं.

मला रडायला आलं. खोटं नाही. म्हटलं, बाग तर गेलीच, निदान झोका तरी मिळायला हवा होता. सहा वाजता दादा विचारणार आणि मी सांगणार की बसले होते, पण हलला नाही. माझं तमिळ भाजी घेण्यापुरतं आहे. त्यात मी त्याला काय काय सांगितलं असेल कोण जाणे. अण्णन, म्हणजे मोठा भाऊ. आजारी. हात. आमच्या गावाकडे आजचा दिवस, बायका, ऊंजल, भावासाठी. आणि सहाला फोन. राखणदाराच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही.

तेव्हा मामी पुढे झाल्या आणि शुद्ध तमिळमध्ये त्याला एकच वाक्य म्हणाल्या. त्यातला एक शब्द माझ्या ओळखीचा होता. कनु.

राखणदाराने माझ्याकडे पाहिलं. मग मामींकडे. मग परत माझ्याकडे.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"हें ह्यांचें कनु आहे, म्हणून सांगितलें. कनु भावांसाठींच असतें हो. बहिणी भात मांडतात, कावळ्यानें खाल्लें कीं भाऊ सुखी. तुम्हांस ठाऊक नव्हतें?"

नव्हतं. सात महिने मी ज्या पंगतीवरून राग धरून बसले होते ती माझीच पंचमी होती, फक्त झोक्याऐवजी कावळे होते. मला स्वतःची जरा लाज वाटली. फार नाही, जराशी.

राखणदार आता मामींशी भराभर बोलत होता. मामींनी सांगितलं, विळुपुरमकडे गावात त्याची थोरली बहीण आहे; ती दर वर्षी भात मांडते आणि कावळा आला की लगेच त्याला फोन करते. तो इथे ड्युटीवर असतो, म्हणून दुसऱ्या बहिणींचे कावळे राखतो. एवढं बोलून झाल्यावर त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "सार येतील," तो मला म्हणाला, "दहा मिनिटं."

मग त्याने जे केलं ते सगळं नियमाने केलं. शिट्टी मारून शेजारचे तिन्ही झोके रिकामे केले. शेंगदाण्याएवढं तोंड करून पोरं बाजूला उभी राहिली आणि ती हिशेबी मुलगी मोठ्याने म्हणाली की पाट्टीला बारा वर्षं पूर्ण झालेली आहेत, तिने स्वतःच सांगितलंय. त्याने खांद्यावरचा पंचा काढला आणि माझ्या पोटापुढून एका साखळीपासून दुसरीपर्यंत गाठ मारून बांधला, तान्ह्या मुलांना बांधतात तसा. एरवी मी त्याला बोटही लावू दिलं नसतं. तिथे गप्प बसले. उजवा पाय वाकत नव्हता, म्हणून मी दोन्ही सरळ पुढे धरले. त्याने मागे जाऊन साखळ्या धरल्या आणि अगदी सावकाश सोडल्या.

मी हलले. पुढे गेले, मागे आले. करंजाची पानं जवळ आली आणि लांब गेली. पोटात तो जुना खड्डा पडला, आवडीला पडायचा तो, कराडला पडायचा तो. मी म्हटलं, "आणखी, तंबी, आणखी वर."

"पोदुम," तो म्हणाला. पुरे.

"हा काय झोका झाला? मुंगीसुद्धा खालून जाणार नाही."

त्याला ते लागलं असावं. त्याने झोका धरला, मागे घेतला, सोडला, आणि मी पुढे गेले तेव्हा बाजूने खाली वाकून माझी टाच आणि जमीन यांच्यामध्ये हात आडवा धरला. चार बोटं. बरोबर बसली. त्याने ती तशीच वर करून आधी मला आणि मग मामींना दाखवली, मोजमापाची खात्री पटावी म्हणून.

तेवढ्यात माझा मुलगा आला. पायात घरातल्या चपला, गळ्यात हेडफोन, कपाळावर घाम. धावत आला असणार. झोक्यावर पंच्याने बांधलेली आई, मागे साखळी धरून राखणदार, बाजूला रुसलेली पोरं, आणि आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने बदामाकडे पाहणाऱ्या मामी. तो काहीच ओरडला नाही. "आई," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मी म्हटलं, "तुझं बरोबर आहे. वचन मोडलं. पार्किंगमध्ये फिरेन."

आणि मामींच्या हातातल्या माझ्या पिशवीत फोन वाजायला लागला. सहाला सात मिनिटं कमी होती. दादा कधीच इतका आधी करत नाही.

मामींनी फोन माझ्या हातात दिला. व्हिडिओ होता. पडद्यावर आधी छत दिसलं, मग भाचेसुनेचं कोपर, मग दादा. उशीला टेकवून बसवलेला, दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. पंचमी म्हणून कपडे घातले होते त्याने.

"किती?" तो म्हणाला. उंच शब्द त्याला अजून नीट म्हणता येत नाही.

मी हात वर केला. "चार बोटं."

त्याने डोळे बारीक केले. "खरं?"

माझ्या खांद्यावरून राखणदार पडद्यात वाकला आणि त्याने आपली चार बोटं दाखवली. "नालु," तो गंभीरपणे म्हणाला. चार.

"हा कोण?"

"तंबी," मी म्हटलं. या वेळी चिडवायला नाही म्हटलं, आणि त्यालाही ते कळलं असावं, कारण तो लगेच सरळ उभा राहिला.

दादा माझ्याकडे बघत नव्हता, खाली बघत होता. भाचेसुनेने फोन तिकडे वळवला. चादरीवर त्याचा उजवा हात पडलेला होता, मे महिन्यापासून पडलेला तसाच. मग त्याची तर्जनी उचलली गेली. पान वाऱ्याने उचलावं तेवढीच, पण उचलली गेली. मग मधलं बोट. तिकडे फोन हलायला लागला. तिसरं बोट फार वेळाने आलं, आलं आणि राहिलं. करंगळी नाही आली. तो बघत राहिला, मी बघत राहिले, माझा मुलगा माझ्या डोक्यावरून बघत होता.

"तीन," दादा म्हणाला. धाप लागली होती त्याला.

"चौथं?" मी म्हटलं.

"तूच कमी घेतलास," तो म्हणाला. "माझं काय."

डोळ्यांतून पाणी गळत असताना मी हसले. मग मान वळवून मुलाकडे पाहिलं. मी काही मागितलं नाही, नुसतं पाहिलं. तो पाटी वाचत होता. तमिळ त्याला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं, तो इथेच शिकला, आणि एवढी तीन ओळींची पाटी वाचायला त्याला खूप वेळ लागला. मग त्याने गळ्यातले हेडफोन काढून मामींच्या हातात दिले, पंच्याची गाठ ओढून बघितली, आवळली, आणि माझ्या मागे जाऊन उभा राहिला.

राखणदाराने आमच्याकडे पाठ केली. तो फाटकाकडे तोंड करून उभा राहिला आणि तिथे निवांत दुर्वांचा रस पीत असलेल्या एका माणसावर त्याने विनाकारण शिट्टी मारली.

"फोन घट्ट धर, आई. पाय सरळ ठेव," मुलगा म्हणाला. "मामा, ती तीन बोटं खाली नका आणू." आणि त्याने साखळ्या मागे ओढल्या.